दिसेल ते धरून ठेवावं का?

सोलापूरच्या भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे. महापालिकेनं त्याचं स्मारक केलं. १९१० साली सोलापुरात जन्मलेले हे डॉक्टर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच वारले. त्यानंतर चारच वर्षांनी व्ही. शांतारामांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ पडद्यावर आणली आणि कोटणीसांची भूमिका स्वतःच केली. हा चित्रपट आज यूट्यूबवर कुणीही बघू शकतो. पण बघता येतो म्हणून तो उतरवून घ्यावा का, आणि घेतलाच तर कसा, यावरून माझ्या एका मित्राची आणि त्याच्या भाचीची चांगलीच जुंपली.

मित्राचा धंदा व्हिडिओ शूटिंगचा. लग्नं, मुंजी, मिरवणुका, शाळांची स्नेहसंमेलनं, सगळं त्यानं खांद्यावर कॅमेरा घेऊन टिपलं. आता खांदा साथ देत नाही, तेव्हा लॅपटॉपसमोर बसून पडद्यावर जे चाललंय ते रेकॉर्ड करत असतो. भाची एका महाविद्यालयात ग्रंथपाल. ९ डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी तिला या चित्रपटातले तीन छोटे प्रसंग हवे होते. मामानं पेनड्राइव्ह भरून दिला. तो तिनं त्याच्यासमोरच लावला आणि सुरुवात झाली. मी तिथंच होतो. मामाच्या सोलापुरी बोलण्याला मी थोडी इस्त्री केली आहे, पण फार नाही.

भाची : मामा, हे काय दिलंत? शांतारामांच्या नाकावर माउसचा बाण बसलाय.

मामा : बाण होय? सरकवायचा राहिला असंल. प्रसंग दिसतोय का नाही ते बघ की.

भाची : दिसतोय. ऐकूही येतोय. दुसऱ्या प्रसंगात युद्ध चाललंय आणि मध्येच ‘टण्’ वाजतं. तुम्हाला कुणीतरी व्हॉट्सॲपवर सुप्रभात पाठवलेलं दिसतंय. खाली कोपऱ्यात गुलाबाचं फूलसुद्धा येऊन गेलं.

मामा : ती चूक माझी नाही, सकाळी सहाला सुप्रभात धाडणाऱ्याची आहे.

भाची : तिसऱ्या प्रसंगात ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो.

मामा : ते मात्र खरं. लॅपटॉप तापला होता. पण पोरी, आज हे एवढं सोपं झालंय याचंच मला कौतुक आहे. तुला आमच्या वेळचं माहीत नाही. विंडोज एक्सपीवर सीडी लावायची, मीडिया प्लेयरमध्ये पिक्चर चालू करायचं आणि प्रिंट स्क्रीन दाबायचं. पेंटमध्ये जाऊन पेस्ट केलं की प्लेयरची चौकट दिसायची, बटणं दिसायची आणि मध्ये पिक्चरच्या जागी काळा ठोकळा. मला वाटायचं, मशीनच बिघडलं.

भाची : बिघडलं नव्हतंच ना?

मामा : नाही. पिक्चर मुळात विंडोजच्या पडद्यावर नसायचंच. प्लेयर त्या जागी एक ठरावीक रंग भरून ठेवायचा आणि ग्राफिक कार्ड तेवढ्या भागावर वेगळ्या थरातून व्हिडिओ सोडायचं. त्याला ओव्हरले म्हणायचे. प्रिंट स्क्रीनला बिचाऱ्याला तो रंगच मिळायचा. आणि गंमत सांगू का? प्लेयर मागं चालू ठेवून पेंटमधलं ते काळं चित्र बरोबर त्याच जागेवर सरकवलं, की त्या चित्रातच पिक्चर हलायला लागायचं! पेंटमध्ये! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

भाची : मग रेकॉर्डिंग कसं व्हायचं?

मामा : प्लेयरच्या सेटिंगमध्ये शिरून ओव्हरलेवरची टिक काढायची. नाहीतर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशनची पट्टी खाली ओढायची. मग सगळं काम प्रोसेसरवर पडायचं आणि पिक्चर अडखळत चालायचं, पण रेकॉर्ड व्हायचं. आवाजाची वेगळीच बोंब. माइक लावला तर पंख्याची घरघर आणि तुझ्या मामीच्या कुकरच्या शिट्ट्या. साउंड कार्डात ‘स्टिरिओ मिक्स’ नावाचं एक खातं असायचं. स्पीकरकडं जाणारा आवाज तिथूनच आतल्या आत उचलता यायचा. कंपन्या ते लपवून ठेवायच्या आणि पुढं काही लॅपटॉपमधून तर काढूनच टाकलं. आता ओबीएस हे पडदा रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एका बटणात चित्र, एका बटणात आवाज. फोनमध्येही तसंच. अँड्रॉइड १० आलं तेव्हापासून आतला आवाज आतल्या आत उचलता येतो. एवढं हाताशी असताना तू माउसच्या बाणावरून भांडायलीस.

भाची : बाणावरून नाही भांडत. तुम्ही मला चित्रपटातले प्रसंग दिलेत असं तुम्ही समजता. मी म्हणते, तुमच्या लॅपटॉपनं त्या दिवशी चित्रपट कसा चालवला, त्याचं तुम्ही शूटिंग दिलंत. नेट मंदावलं तर गोल फिरणारं चक्र त्यात येणार. पडदा मंद केला असेल…

मामा : पडदा मंद केला तर रेकॉर्डिंग मंद होत नाही. तेवढं मला कळतं.

भाची : बरं, ते मागं घेते. पण बाकीचं? मूळ चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा. आपल्याकडं टीव्ही आणि डीव्हीडीसाठी पाल पद्धत, म्हणजे २५ फ्रेम. बहुतेक वेळा २४ चंच २५ च्या वेगानं पळवतात, म्हणजे चित्रपट चार टक्के जास्त वेगानं चालतो आणि गाण्याची पट्टीही किंचित चढते. त्यावरून कुणीतरी यूट्यूबवर टाकलं, तिथं ते पुन्हा दाबलं गेलं. तुम्ही ते सेकंदाला ३० फ्रेमनं रेकॉर्ड केलं, म्हणजे प्रत्येक पाचवी फ्रेम दोनदा. कॅमेरा आडवा फिरतो तिथं बघा, चित्र ठेचकाळतं. आणि ओबीएसनं ते आणखी एकदा दाबलं. कॅसेटवरून कॅसेट करताना तुम्हीच सांगायचा ना, तिसऱ्या कॉपीत नवरीच्या शालूचा रंग विटतो म्हणून?

मामा : विटायचा की. चौथ्या कॉपीत नवरा पण ओळखू यायचा नाही.

इथं मी जरा मध्ये पडलो. भाचीचं म्हणणं बरोबर आहे, पण तिची एक गोष्ट सांगायची राहिली. डिजिटल फाइल जशीच्या तशी कॉपी केली तर हजाराव्या कॉपीतही काही कमी होत नाही. पडद्यावरून रेकॉर्ड करणं ही मात्र कॉपी नव्हे. दर वेळी ते नव्यानं दाबणं असतं. फाइल आपल्या हातात असेल तर तिचा हवा तेवढा तुकडा पुन्हा न दाबता कापता येतो, त्यासाठी फुकट साधनं आहेत. व्हीएलसी प्लेयरमध्ये तर रेकॉर्डचं लाल बटणच असतं. आपलीच फाइल आपल्याच पडद्यावर चालवून पडद्यावरून रेकॉर्ड करणारी माणसं मी पाहिली आहेत. चांगली शिकलेली.

मामा : ते फाइल हातात असेल तर. इथं फाइल कुठं आहे? यूट्यूबवर आहे. उतरवून घेतलं तर तूच म्हणशील, त्यांच्या नियमात बसत नाही.

भाची : म्हणेनच. पण कोटणीसांच्या बाबतीत एवढं अडून बसायची गरजच नाही. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. १९४६ चा चित्रपट, १ जानेवारी १९४७ पासून मोजा. २००६ संपलं तेव्हा हक्कही संपला.

मामा : मग झालं तर! पिक्चर सगळ्यांचं झालं. मी उतरवलं तर कुणाच्या बापाचं काय गेलं?

भाची : चित्रपटाचा हक्क संपला. त्यातल्या गाण्यांच्या चालींचा नाही. संगीत वसंत देसाईंचं. ते १९७५ मध्ये गेले. रचनेचा हक्क निधनानंतर साठ वर्षं, म्हणजे २०३५ संपेपर्यंत. गोष्ट ख्वाजा अहमद अब्बासांच्या ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ या पुस्तकावरची. अब्बास १९८७ ला गेले, म्हणजे तिथं २०४७.

मामा : म्हणजे पिक्चर आपलं, पण त्यातली गोष्ट आणि गाणी आपली नाहीत. हे कोर्टातच शोभतं.

भाची : तिथंच ठरतं ते. पण घाबरू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आपल्यासाठी वाट आहे. वर्गात शिकवताना शिक्षकानं दाखवलं तर चालतं. संस्थेच्या कार्यक्रमात प्रेक्षक फक्त शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं असतील, तर चित्रपटही दाखवता येतो. स्वतःच्या अभ्यासासाठी, खासगी वापरासाठी रास्त तेवढं घेतलं तरी गुन्हा नाही. आमच्या हॉलमधला कार्यक्रम यात बसतो.

मामा : मग पंधरा मिनिटं माझं डोकं कशाला खाल्लंस?

भाची : कारण प्राचार्यांना तो कार्यक्रम कॉलेजच्या यूट्यूब चॅनलवर टाकायचाय. हॉलमधून बाहेर पडला की कलम ५२ ची ती सवलत दारातच थांबते. आणि तिथं कायद्याच्या आधी मशीन पकडतं. गाणं ओळखलं की दावा आलाच.

मामा : हॉलमध्ये दाखवा, चॅनलवर टाकताना तेवढा भाग कापा. संपलं.

भाची : तेच करणार आहे. आणि चांगली प्रत हवी असेल तर पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. तिथं पत्र लिहिता येतं.

मामा : पत्र लिही, उत्तर येईपर्यंत पुढचा ९ डिसेंबर उजाडेल.

(यावर ग्रंथपालबाईंनी काही उत्तर दिलं नाही. सरकारी पत्रव्यवहाराचा अनुभव तिलाही आहे.)

मामा : आता माझा प्रश्न. मी महिन्याला पैसे भरून एक ओटीटी घेतलंय. त्यावरचं पिक्चर रेकॉर्ड करायला गेलो तर पुन्हा तोच काळा ठोकळा! आवाज येतोय, खाली अक्षरं येतायत, पिक्चर काळं. मला वाटलं ओव्हरले परत आला.

भाची : दिसायला तसाच, पण कारण उलटं. तेव्हाचा काळा ठोकळा यंत्राच्या रचनेतून आपोआप यायचा, कुणाच्या मनात तसं नव्हतं. आजचा मुद्दाम ठेवलेला आहे. चित्र कुलूप लावून पाठवतात, ते ग्राफिक कार्डापाशीच उघडतं आणि रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसूच देत नाहीत. बँकेच्या ॲपचा स्क्रीनशॉट काळा येतो, तोही त्याच कुळातला.

मामा : बँकेचं समजू शकतो. पण पिक्चरचे पैसे मी भरलेत.

भाची : बघायचे भरलेत, ठेवायचे नाही.

मामा : आमच्या वेळी कॅसेट विकत घेतली की आपली असायची. व्हीसीआर भाड्यानं आणायचा, सोबत कलर टीव्ही, एका रात्रीत तीन पिक्चर, आणि सकाळी परत द्यायच्या आधी दुसरा व्हीसीआर जोडून एक कॉपी. गल्लीत सगळे करायचे. मी खोटं बोलत नाही.

भाची : गल्लीत सगळे करायचे म्हणून ते बरोबर होत नाही. २०१२ ला कायद्यात कलम ६५ अ आलं. हक्क मोडायच्या हेतूनं असं कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. आणि थिएटरमध्ये फोन धरून रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी २०२३ ला सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला. तिथं तर तीन महिने ते तीन वर्षं आणि तीन लाखांच्या पुढं दंड.

मामा : थिएटरमध्ये फोन धरणाऱ्याला टाका की आत. मी त्याच्या बाजूनं बोलतच नाही. पण कलमात काय म्हणालीस? ‘हक्क मोडायच्या हेतूनं.’ माझा हेतू काय? म्हातारपणी पुन्हा बघायचं. रात्री झोप आली, उरलेलं सकाळी बघायचं. अमेरिकेतसुद्धा याच्यावरून खटला झालाय, मी वाचलंय. सोनीच्या बीटामॅक्सवर सिनेमावाल्यांनी केस केली. १९८४ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघायला घरी टेप केला तर गुन्हा नाही. पाच विरुद्ध चार मतांनी. आणि पुढं काय झालं? त्याच सिनेमावाल्यांनी कॅसेटी विकून पोतीच्या पोती पैसे कमावले.

भाची : तो टीव्हीवर फुकट दाखवलेला कार्यक्रम होता, आणि तो अमेरिकेचा कायदा. तुमच्या ओटीटीला तो लागू होत नाही.

मामा : होत नसंल. पण मला दुसरं सांगायचंय. तू मला सारखी सांगतेस, मूळ प्रत त्यांच्याकडं आहे, ते जपतील. जपतात का? बीबीसीनं काय केलं? साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’च्या टेपी पुसून पुन्हा वापरल्या. टेप महाग म्हणून. आज त्यातले कितीतरी भाग चित्रात मिळतच नाहीत. पण आवाज? आवाज सगळ्या भागांचा आहे! का आहे? घरोघरी बसलेल्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता म्हणून. तेव्हा त्यांना कुणी विचारलं असतं, बाळ, तुझ्याकडं परवानगी आहे का, तर आज आवाजसुद्धा उरला नसता.

भाची : हे मला मान्य आहे.

मामा : थांब. आणि फिलाडेल्फियाची ती बाई, मॅरियन स्टोक्स. ती पण तुझ्याच धंद्यातली, आधी ग्रंथपाल होती. १९७९ पासून २०१२ ला मरेपर्यंत घरात टीव्हीच्या बातम्या टेप करत राहिली. रात्रंदिवस, एका वेळी अनेक व्हीसीआर लावून. सत्तर हजाराच्या आसपास टेपी. लोक म्हणायचे वेडी आहे. आता इंटरनेट आर्काइव्हनं त्या घेतल्यात. चॅनलवाल्यांनी स्वतः ठेवलं नाही, ते तिनं ठेवलं.

या मुद्द्यावर मामाचं पारडं जड झालं, हे मी तिथंही बोललो. आपल्याकडंही तेच घडलं. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट बनले. त्यातले पूर्ण स्वरूपात उरलेले हातावर मोजता येतील. ज्यांचा हक्क होता त्यांनी जपलं असतं तर ही वेळ आली नसती. मालकी आणि राखण एकाच माणसाकडं असते, असं कायदा धरून चालतो. प्रत्यक्षात मालकाच्या गोदामात पाणी शिरतं आणि राखलेली प्रत भलत्याच माणसाच्या कपाटात सापडते. भाचीलाही हे पटलं असावं, पण तिनं उत्तर वेगळ्या बाजूनं दिलं.

भाची : मामा, त्या बाईंनी टेपांवर काय लिहिलं होतं माहीत आहे? कोणतं चॅनल, कोणती तारीख. म्हणून त्या टेपांना किंमत आहे. तुमच्या हार्ड डिस्कमध्ये काय आहे ते दाखवा.

मामा : आहे की. सगळं आहे.

भाची : दाखवा ना.

(त्यानं दाखवलं. फोल्डर एकच. आत शेकडो फाइली, प्रत्येकीचं नाव म्हणजे ओबीएसनं आपोआप टाकलेली तारीख आणि वेळ. दुसरं अक्षर नाही.)

भाची : यातली सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याची कोणती?

मामा : ती जानेवारी २०२१ ची. कोरोनात यात्रा भरली नव्हती तेव्हाची. मोजकेच मानकरी होते, बाकी सगळं सोलापूर घरात बसून पडद्यावर बघत होतं. लाखोंची गर्दी असते त्या संमती कट्ट्यावर आणि त्या वर्षी मोकळी जागा! असं पुन्हा दिसणार आहे का? म्हणून मी लाइव्ह चालू असतानाच रेकॉर्ड केलं. ते लाइव्ह आता कुठं आहे, कुणाच्या चॅनलवर आहे, आहे की पुसलं, देव जाणे. माझ्याकडं आहे.

भाची : हे चांगलं केलंत. मनापासून सांगते. पण ते कोणत्या चॅनलचं लाइव्ह होतं?

मामा : ते… कोपऱ्यात चिन्ह असंल की.

भाची : तुम्ही चौकट कापून रेकॉर्ड केलंय. चिन्ह बाहेर गेलं.

मामा : …

भाची : दहा वर्षांनी कुणी संशोधक माझ्याकडं आला आणि मी त्याला ही फाइल दिली, तर तो विचारणार, कुणी शूट केलं, पूर्ण आहे का, मध्ये काही कापलंय का. तुमच्याकडं उत्तर नाही. फाइलच्या नावात फक्त तुम्ही कधी रेकॉर्ड केलं तेवढं आहे. उद्या कुणी गेल्या वर्षीचं जुनं लाइव्ह आज चालवून रेकॉर्ड केलं तर त्यावरही आजचीच तारीख पडेल. रेकॉर्ड केल्या केल्या शेजारी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. कुठून घेतलं, कोणी प्रसारित केलं, किती वाजता सुरू केलं, मध्ये काय तुटलं. चार ओळी. आणि ज्यानं कॅमेरा लावला होता त्याला फोन करून विचारा, तुझ्याकडं कार्डावरचं मूळ आहे का? सोलापूर एवढं मोठं नाही मामा, माणूस सापडतो.

मामा : सापडतो. बहुतेक माझ्याच हाताखाली शिकलेला असणार.

भाची : आणि आता शेवटचं, रागावू नका. शांतारामांचं पिक्चर तुमच्याशिवाय हजार लोकांकडं आहे. पुण्यात आहे, डीव्हीडीवर आहे, नेटवर आहे. ते तुम्ही बसून बसून उतरवता. आणि माळ्यावर काय आहे?

मामा : माळ्यावर काय? जुन्या कॅसेटी.

भाची : किती?

मामा : मोजल्या नाहीत. चार खोकी असतील. पॅनासॉनिकच्या एम-७ नं काढलेलं सगळं. यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुका आहेत. लक्ष्मी-विष्णू मिलच्या गेटसमोरची सभा आहे एक. पूर्व भागात मागावर बसलेले लोक आहेत; ते मी कुणाच्या लग्नाच्या शूटिंगला गेलो होतो तेव्हा टेप उरली म्हणून काढलं. बाकी लग्नंच लग्नं.

भाची : पत्र्याखालचा माळा. सोलापूरचा एप्रिल-मे. आणि पावसाळ्यात बुरशी. ती मिलच्या गेटसमोरची सभा जगात दुसऱ्या कुणाकडं आहे?

मामा : नसंल.

भाची : मग?

मामा बराच वेळ काही बोलला नाही. नंतर बोलला ते अडचणींचंच.

मामा : लग्नाच्या कॅसेटींना हात लावायला मला भीती वाटते. तूच उद्या म्हणशील, हक्क कुणाचा?

भाची : तो प्रश्न बरोबर आहे. पैसे देऊन शूटिंग करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे लग्नाचं चित्रण त्या घरचं, तुमचं नाही. पण जपायला ते घर नाही म्हणणार नाही; उलट फोन करा, रडतील आनंदानं. त्यांना प्रत द्या आणि बाहेर कुठं टाकू नका. मिरवणूक, सभा, माग हे तुम्ही स्वतःसाठी काढलंत, ते तुमचं. ते कॉलेजच्या ग्रंथालयाला द्या. मूळ कॅसेट आमच्याकडं ठेवायला दिलीत तर जपणुकीसाठी डिजिटल प्रत ठेवायची सोय सार्वजनिक ग्रंथालयांना कायद्यात दिलेली आहे. आम्ही त्यात बसतो की नाही ते मी विचारून घेते.

मामा : व्हीसीआर एक चालू आहे माझ्याकडं. हेड साफ करावं लागंल.

पुढचा अर्धा तास दोघांनी भांडण सोडून कामाचं बोलणं केलं. ज्यांच्या घरात अशी खोकी आहेत त्यांना उपयोगी पडेल म्हणून त्यातलं थोडं इथं देतो. पडद्यावरून रेकॉर्ड करणारा तोच ओबीएस इथंही चालतो. व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल वायरी यूएसबीच्या एका छोट्या कॅप्चर डबीत घालायच्या, डबी लॅपटॉपला जोडायची, ओबीएसमध्ये ती कॅमेरा म्हणून दिसते. फ्रेम २५ किंवा ५० ठेवायच्या, ३० नाही. आपल्या कॅसेटी पालच्या. हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर डीइंटरलेस चालू करायचं. सेकंदाला सहा हजार किलोबिट धरले तर तासाला पावणेतीन जीबीच्या आसपास जागा जाते. तीन तासांची कॅसेट आठ जीबी. फाइल एमकेव्हीमध्ये घ्यायची, साध्या एमपी४ मध्ये नाही, कारण मध्येच वीज गेली तर एमपी४ बहुतेक वेळा उघडतच नाही आणि एमकेव्ही वीज गेली तिथपर्यंतची शाबूत राहते. सोलापूरकरांना वीज का जाईल हे समजावून सांगायला नको. नंतर हवी तर ओबीएसमध्येच तिची एमपी४ करता येते, पुन्हा न दाबता. पांढरी बुरशी दिसणारी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. ती घाण हेडला लागून पुढच्या सगळ्या कॅसेटी खराब करते. आणि पहिली कॅसेट नेहमी बिनमहत्त्वाची घ्यायची.

भाची : आणि व्हॉट्सॲप बंद ठेवायचं.

मामा : ते ठेवतो. पण एक सांगतो पोरी, लाइव्ह दिसलं की मी रेकॉर्ड करणारच. ते सोडणार नाही.

भाची : करा. चार ओळी लिहून करा.

दोघांत कोण बरोबर, असं मला विचाराल तर पडद्यावरचं धरून ठेवण्याचा मामाचा सोस मला चुकीचा वाटत नाही. क्रम मात्र भाचीचा घ्यावा. जे हजार ठिकाणी आहे ते नंतर, जे एकाच खोक्यात आहे ते आधी. शिवाय व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आज चालू असलेलं प्रत्येक यंत्र त्याआधीचं आहे, त्याचे सुटे भाग दुसऱ्या बंद पडलेल्या यंत्रातूनच मिळतात, आणि ते दुरुस्त करणारे हातही माझ्या मित्राच्या वयाचे आहेत. तुमच्या घरी कॅसेटी असतील तर या उन्हाळ्याच्या आत माळ्यावरून खाली काढा.